मशीन चालतंय म्हणजे इन्सुलेशन चांगलं आहे असं नसतं: तयार मालाची हायपॉट टेस्ट का करायची

नवा मिक्सर, गिझर किंवा पंपाचा स्टार्टर असेंबल झाला की सगळ्यात आधी काय करतात तर सप्लाय देऊन चालवून बघतात. फिरला, तापला, इंडिकेटर लागला, अँपिअर बरोबर आले की झालं, पॅक करा. छोट्या युनिटमध्ये हे अजून चालतं आणि मला याची खरंच काळजी वाटते, कारण चालवून बघितल्यावर फक्त एवढंच कळतं की करंट जिथे जायला हवा तिथे जातोय. जिथे जायला नको तिथे तो उद्या जाईल का, म्हणजे बॉडीवर येईल का, ते यातून कळतच नाही. त्यासाठी वेगळी टेस्ट आहे, स्टँडर्डमध्ये तिला इलेक्ट्रिक स्ट्रेंथ टेस्ट म्हणतात, शॉपफ्लोअरवर हायपॉट नाहीतर एचव्ही, म्हणजे हाय व्होल्टेज.

ती करतात कशी ते आधी सांगतो. प्लगच्या फेज आणि न्यूट्रलच्या पिना एकमेकींना जोडायच्या आणि टेस्टरच्या हाय व्होल्टेजच्या वायरला लावायच्या. टेस्टरची दुसरी वायर बॉडीला, म्हणजे माणसाचा हात लागू शकतो त्या धातूला. मशीनचं स्विच ऑन ठेवायचं. मग या दोन्हींच्या मध्ये हजार-दीड हजार व्होल्ट द्यायचे आणि इन्सुलेशन ओलांडून किती करंट पलीकडे जातोय ते मोजायचं, ठरवलेल्या मिलिअँपच्या वर गेला की टेस्टर ट्रिप होतो, बझर वाजतो, पीस बाजूला काढायचा. मशीन या वेळी फिरत नसतं, कारण फेज-न्यूट्रल एकच केलेत, त्यांच्यात आपापसात व्होल्टेज नाहीच, सगळा ताण फक्त करंटवाला भाग आणि बॉडी यांच्यामधल्या इन्सुलेशनवर येतो. प्लंबर नळाची लाइन भिंतीत बुजवायच्या आधी रोजच्यापेक्षा जास्त प्रेशर देऊन तपासतो, विचार तोच आहे.

आता बरेच जण विचारतात की घरात २३० व्होल्ट येतात तर तपासायला दीड हजार कशाला, २३० वरच लिकेज, म्हणजे इन्सुलेशनमधून गळणारा करंट, बघू की. तर याचं उत्तर हवेत आहे. समजा आत एका वायरचं इन्सुलेशन सोललं गेलंय आणि उघडं तांबं बॉडीच्या पत्र्यापासून पाव मिलिमीटरवर आहे, मध्ये फक्त हवा. फ्रेडरिक पाशेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवून दिलं की वायूमधून ठिणगी पडायला किती व्होल्ट लागतील हे अंतर आणि दाब यांच्या गुणाकारावर ठरतं, आणि त्याचा जो ग्राफ येतो त्याला एक तळ आहे, साध्या हवेसाठी तो साधारण ३३० व्होल्टला येतो. त्याच्या खाली व्होल्टेज असेल तर अंतर कितीही कमी करा, हवा फुटून ठिणगी पडत नाही. आणि एसीचं व्होल्टेज सतत वर-खाली होत असतं, आपल्या २३० व्होल्टचं शिखर किती, तर ३२५. म्हणजे जेमतेम त्या तळाच्या खाली! त्यामुळे हे उघडं तांबं २३० व्होल्टवर गप्प बसून राहतं, मशीन मस्त चालतं, बॉडीला दिव्याचा स्क्रूड्रायव्हर टेस्टर लावला तर दिवा लागत नाही, कोणालाच काही कळत नाही. १५०० व्होल्ट एसी दिले की त्याचं शिखर २१२० च्या वर जातं आणि पाव मिलिमीटर हवा तेवढ्याला टिकत नाही, तिथल्या तिथे ठिणगी पडते आणि दोष सापडतो. मोकळ्या हवेला मिलिमीटरमागे साधारण ३००० व्होल्ट असा ढोबळ आकडा धरतात, त्यावरून अंदाज येईल.

बरं हे तांबं तिथे कायम गप्प बसणार आहे का, नाही. मोटर व्हायब्रेट होते, वायर रोज थोडी थोडी घासते. आत पिठाची, मसाल्याची, कापसाची धूळ साचते, पावसाळ्यात ती धूळ ओल धरते, कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर भिंतीलासुद्धा ओल येते तर बंद डब्यातली धूळ कोरडी कुठून राहणार. ओल्या धुळीतून बारीक करंट पृष्ठभागावरून सरकायला लागतो, तिथलं प्लास्टिक हळूहळू जळून कोळशाची रेघ तयार होते आणि कोळसा करंट वाहून नेतो. याला ट्रॅकिंग म्हणतात. आता २३० व्होल्टसुद्धा पुरतात. कारखान्यात एका सेकंदात पकडला गेला असता तो दोष दोन-तीन वर्षांनी कोणाच्या तरी ओल्या हाताला सापडतो.

आणि लाइनला कायम २३० च असतात असंही नाही ना. थ्री फेज लाइनचा न्यूट्रल कुठेतरी तुटला की एखाद्या घरात ४०० च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं. वीज जवळपास पडली, मोठी मोटर बंद झाली, कपॅसिटर बँक स्विच झाली की मायक्रोसेकंदांचे सर्ज, म्हणजे व्होल्टेजच्या उसळ्या, येतात. इन्सुलेशनची अंतरं ठरवणारं आयईसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्युत संस्थेचं, ६०६६४ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात २३० व्होल्टच्या घरगुती उपकरणाने २५०० व्होल्टचा सर्ज सोसावा असं धरलंय, आणि ट्रान्सफॉर्मरच्या एचटी, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या, बाजूला अर्थ फॉल्ट झाला तर एलटी, म्हणजे घरांकडच्या, बाजूला अर्थच्या तुलनेत लाइन व्होल्टेज अधिक १२०० व्होल्ट, जास्तीत जास्त पाच सेकंद, एवढं येऊ शकतं असंही गृहीत धरलंय. २३० आणि १२०० मिळून १४३०. दीड हजाराचा आकडा कोणीतरी हवेतून काढलेला नाहीये.

जुना नियमही जवळपास तिथेच येतो, रेटेड व्होल्टेजची दुप्पट अधिक हजार, म्हणजे २३० ला १४६०, राउंड करून १५००. ४१५ व्होल्टच्या मोटरला याच हिशोबाने १८३० व्होल्ट, एक मिनिट. मोटरचं जे आयईसी ६००३४ स्टँडर्ड आहे ते २०० किलोवॅटपर्यंतच्या, लॉटमध्ये बनणाऱ्या लो व्होल्टेज मोटरला एका मिनिटाऐवजी एक सेकंद चालतो म्हणतं, पण मग व्होल्टेज २० टक्के जास्त द्यायचं, म्हणजे २१९६. ४१५ व्होल्टच्या कंट्रोल पॅनलला, इन्सुलेशन ३०० ते ६९० व्होल्टच्या गटातलं असेल तर, १८९० व्होल्ट एक सेकंद. घरगुती उपकरणांचं आयईसी ६०३३५, ज्याच्यावर आपलं आयएस ३०२ बेतलेलं आहे, त्यात कारखान्याच्या असेंब्ली लाइनवरच्या टेस्टसाठी अर्थिंगवाल्या क्लास १ मालाला १००० व्होल्ट आणि डबल इन्सुलेशनवाल्या क्लास २ ला २५०० व्होल्ट, दोन्ही एक सेकंद. क्लास २ म्हणजे ज्याच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते आणि प्लगला अर्थची पिन नसते तो माल. त्याला जास्त व्होल्टेज का, तर त्याच्यात अर्थिंगचा आधारच नाही, माणूस आणि करंट यांच्यामध्ये जे काय आहे ते इन्सुलेशनच.

इथे मला जरा थांबून एक बोलायचंय. कागदावर क्लास १ मालाला दोन संरक्षणं असतात, एक इन्सुलेशन आणि ते गेलं तर अर्थिंग. इन्सुलेशन फुटलं की करंट अर्थच्या वायरने जातो, फ्यूज किंवा एमसीबी उडते, माणूस वाचतो. पण आपल्याकडे किती घरांत तिसऱ्या भोकात खरंच अर्थ असतो? भाड्याच्या खोल्या, वाड्यातलं जुनं वायरिंग, शेतातल्या पंपाच्या कोठ्या, जत्रेतले स्टॉल, तीन पिनांचा प्लग कापून दोन वायरी थेट सॉकेटमध्ये कोंबलेल्या, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. अशा ठिकाणी क्लास १ ची वस्तू अर्थशिवाय चालते आणि दोनातलं एक संरक्षण आधीच गेलेलं असतं, उरतं फक्त इन्सुलेशन. माणसाला अर्धा मिलिअँप जाणवतो, दहाच्या आसपास गेला की हात सोडवता येत नाही, आणि घरातली आरसीसीबी, म्हणजे अर्थकडे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, ३० मिलिअँपची असते ती हृदयाची लय बिघडायच्या आत सप्लाय तुटावा म्हणून. जिथे अर्थिंग नाही तिथे आरसीसीबी तरी कुठे असते. म्हणून माल बनवणाऱ्याने गिऱ्हाईकाच्या घरी अर्थिंग असेल असं धरून चालूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा नेहमीचा प्रश्न, की वायर आयएसआय मार्कची, मोटर टेस्ट होऊन आली, स्विच चांगल्या कंपनीचा, मग तयार झाल्यावर परत टेस्ट कशाला. सुटा माल चांगला असतो हे खरंच आहे. वायर बनताना ती स्पार्क टेस्टरमधून सलग जाते, इन्सुलेशनला टाचणीएवढं भोक असलं तरी कळतं. पण दोष शिरतो तो असेंब्लीत! कव्हर बसवताना वायर पत्र्याच्या दोन कडांमध्ये चेपली जाते. स्क्रू दोन मिलिमीटर लांब निघाला, आत जाऊन वायरला टोचला. पंच केलेल्या भोकाची बर, म्हणजे धारदार कड, घासून काढली नाही आणि ग्रोमेट, म्हणजे भोकातली रबराची रिंग, लावायचा राहिला. लगमध्ये, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या टोपीत, दाबून क्रिम्प करताना वायरच्या वीस-बावीस तारांपैकी एक बाहेर राहिली आणि बॉडीकडे वाकली. स्लीव्ह चढवायची विसरली. सोल्डरचा थेंब उडाला. मोटरच्या स्लॉटमधला इन्सुलेशन पेपर वाइंडिंग ठोकताना कोपऱ्यावर फाटला. यातली एकही गोष्ट सुट्या पार्टच्या टेस्टमध्ये दिसणार नाही कारण तेव्हा ती झालेलीच नव्हती. म्हणून टेस्ट शेवटी, कव्हर लावून, स्क्रू आवळून, जसा माल बॉक्समध्ये जाणार तसाच. टेस्ट झाल्यावर स्टिकर नीट बसला नाही म्हणून कव्हर परत उघडलं असेल तर ती टेस्ट गेली, परत करायची.

आणि याच कारणाने सॅम्पल काढून भागत नाही. डिझाइनची चूक प्रत्येक पीसमध्ये सारखी येते, तिच्यासाठी टाइप टेस्ट असते, लॅबमध्ये एखाद-दुसऱ्या पीसवर, गरम करून, ९३ टक्के दमटपणात दोन दिवस ठेवून, पूर्ण एक मिनिट व्होल्टेज देऊन. असेंब्लीची चूक मात्र कोणत्या पीसमध्ये येईल ते सांगता येत नाही. शंभरातले पाच तपासले आणि चेपलेली वायर सहाव्यात असली तर त्या पाचांच्या रिपोर्टचा सहावा विकत घेणाऱ्याला काय उपयोग. म्हणून ही टेस्ट रूटीन टेस्ट, प्रत्येक नगावर, आणि म्हणूनच तिचा वेळ एक सेकंद ठेवलाय, नाहीतर लाइन चालणार कशी.

मेगरबद्दलही सांगतो कारण आमच्याकडे मेगर मारतो म्हणणारे खूप आहेत. मेगर सहसा ५०० व्होल्ट डीसी देतो आणि इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजतो, ओल आली असेल, वार्निश खराब झालं असेल, घाण साचली असेल तर तो छान सांगतो. पण वर सांगितलेलं पाव मिलिमीटरवरचं उघडं तांबं? त्याला मेगर इन्फिनिटी दाखवेल, कारण मध्ये कोरडी हवा आहे आणि ५०० व्होल्टला ती फुटत नाही. मेगर ओल पकडतो, हायपॉट अंतर पकडतो, दोघांची कामं वेगळी आहेत. मेगर आधी मारावा, तिथेच लो दाखवला तर पुढे जायचंच नाही. पॅनलच्या स्टँडर्डमध्ये २५० अँपिअरपर्यंतच्या पॅनलला हायपॉटऐवजी इन्सुलेशन रेझिस्टन्सची मुभा आहे हे मला माहीत आहे, तरी टेस्टर हाताशी असेल तर मी हायपॉट केल्याशिवाय पॅनल सोडणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खोटा पास. फेल झालेला पीस समोर दिसतो, पण टेस्ट झालीच नाही आणि टेस्टरने हिरवा दिवा दाखवला तर ते कोणाला कळत नाही. हे होतं कसं बघा. टेस्टरची वायर प्लगच्या अर्थ पिनला लावली आणि मशीनच्या आत अर्थची वायर बॉडीला जोडायचीच राहिलीय, तर व्होल्टेज बॉडीपर्यंत पोचलंच नाही, करंट शून्य, पास! आणि हा पीस डबल धोक्याचा कारण त्याला अर्थिंगही नाही. म्हणून अर्थ कंटिन्युइटी टेस्ट आधी, निदान १० अँपिअर करंट देऊन, नुसत्या मल्टिमीटरच्या बीपने नाही, कारण एकाच तारेवर लोंबकळणारी अर्थ वायरसुद्धा बीप देते. दुसरं, मशीनचं स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारं असेल आणि ते ऑफ राहिलं तर स्विचच्या पलीकडचं सगळं टेस्टमधून सुटलं, म्हणजे मोटर, हीटर, ज्याच्यासाठी टेस्ट करतोय तेच. स्टार्टर पॅनलमध्ये तर कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर ओढला जाणारा मोठा स्विच, सप्लायशिवाय ओढतच नाही, मग त्याच्या वरची आणि खालची बाजू जंपर, म्हणजे तात्पुरती वायर, टाकून जोडावी लागते. तिसरं, टेस्टरची स्वतःचीच लीड आतून तुटलेली. सकाळपासून तीनशे पीस पास आणि एकालाही व्होल्टेज मिळालेलं नाही.

याच्यावर दोन सोपे उपाय आहेत. एक म्हणजे मुद्दाम फेल होणारा डमी पीस बनवून ठेवायचा, शिफ्टच्या सुरुवातीला आणि शेवटी तो लावायचा, टेस्टर ट्रिप झालाच पाहिजे. शेवटी का, तर संध्याकाळी डमी पास झाला तर त्या दिवसाचा सगळा माल परत तपासायचा हे लगेच कळतं, माल ट्रकमध्ये जायच्या आत. दुसरा, टेस्टरमध्ये करंटची खालची मर्यादाही सेट करायची, कारण कोणत्याही खऱ्या मशीनला एसी टेस्टमध्ये थोडा तरी लिकेज असतोच, वाइंडिंग आणि बॉडी मिळून छोटा कपॅसिटर बनतो. करंट अगदी शून्य दाखवत असेल तर कुठेतरी जोडणीच नाहीये. हा दुसरा उपाय फार कमी ठिकाणी वापरतात, चांगल्या टेस्टरमध्ये सोय असूनसुद्धा.

वरची मर्यादाही डोळे मिटून ठेवू नये. इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मालात नॉइज फिल्टर असतो, त्याचे वाय कपॅसिटर लाइन आणि अर्थच्या मध्ये असतात. २.२ नॅनोफॅरडचे दोन असतील तर १५०० व्होल्ट, ५० हर्ट्झला दोन्ही मिळून साधारण दोन मिलिअँप घेतात, हा दोष नाही, सर्किटच तसं आहे. मग कोणीतरी ट्रिप होतोय म्हणून सेटिंग १० वर नेतो, २० वर नेतो, आणि खरा लिकेज त्या गर्दीत लपतो. अशा मालाला डीसीने टेस्ट करावं, एसीच्या शिखराएवढं, १५०० ला २१२१ व्होल्ट, कपॅसिटर एकदा चार्ज झाला की करंट खाली येतो आणि उरतो तो खरा लिकेज. मात्र डीसीनंतर मशीन डिस्चार्ज झाल्याशिवाय हात लावायचा नाही. अर्थकडे व्हॅरिस्टर, म्हणजे सर्ज आला की तो स्वतःतून जाऊ देणारा पार्ट, लावलेला असेल तर तो या व्होल्टेजला त्याचं काम करणारच, म्हणजे कंडक्ट होणारच, त्याचं काय करायचं हे डिझाइन करणाऱ्याने आधी ठरवून लिहून द्यावं, टेस्टिंगवाल्या मुलावर सोडू नये.

गिझर आणि इमर्शन रॉडची गंमत वेगळी आहे. त्यांच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर दाबून भरलेली असते, उष्णता जाऊ देते आणि करंट अडवते, पण हवेतली ओल फार पटकन ओढते. टोकांचं सील नीट नसेल आणि माल पावसाळ्यात गोडाऊनमध्ये पडून राहिला तर तोच पीस फेल होतो जो उन्हाळ्यात पास झाला होता. तापवून वाळवला की परत पास. अशा वेळी वाळवून पास करून पाठवून द्यायचा मोह होतो, पण सील खराब असेल तर तो बाथरूममध्ये पुन्हा ओल ओढणारच, आणि पाण्यात बुडणाऱ्या वस्तूत ही तडजोड करायला माझं मन कधीच तयार होत नाही. इस्त्री, गिझर, इमर्शन हीटर, रूम हीटर यांना २००३ च्या क्वालिटी कंट्रोल ऑर्डरपासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, घेताना मार्कच्या जवळचा सीएम/एल ने सुरू होणारा नंबर बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघा, लायसन्स कोणाचं आहे ते दिसतं.

हायपॉट सगळं पकडत नाही हेही कळलं पाहिजे. ती बॉडी आणि वाइंडिंगमधलं इन्सुलेशन बघते, एकाच कॉइलच्या दोन वेढ्यांमधलं नाही, कारण सगळे वेढे एकाच व्होल्टेजवर वर उचलले जातात, त्यांच्यात आपापसात फरकच नसतो. मोटरला त्यासाठी सर्ज टेस्ट असते. गावातल्या ११ केव्ही/४३३ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला बॉडीकडच्या आणि वेढ्यांमधल्या अशा दोन्ही इन्सुलेशनच्या टेस्ट करतात, एचव्ही बाजूला २८ केव्ही आणि एलव्ही बाजूला ३ केव्ही एक मिनिट, आणि शिवाय वेढ्यांमधल्या इन्सुलेशनसाठी इंड्यूस्ड टेस्ट, म्हणजे दुप्पट व्होल्टेज १०० हर्ट्झ किंवा त्याहून जास्त फ्रिक्वेन्सीला. फ्रिक्वेन्सी वाढवायची कारण ५० हर्ट्झवर दुप्पट दिलं तर कोअर, म्हणजे आतला लोखंडी गाभा, सॅच्युरेट होतो, त्याची चुंबकत्व धरायची मर्यादा संपते आणि टेस्टच होत नाही.

एवढ्या व्होल्टेजने चांगलं इन्सुलेशन खराब होतं का? योग्य व्होल्टेजला एक सेकंदाने नाही होत. पण दर वेळी पूर्ण व्होल्टेज देत राहिलं, चार-पाच वेळा, मिनिट मिनिट, तर आतल्या बारीक पोकळ्यांमध्ये डिस्चार्ज होऊन थोडं थोडं झिजतं. म्हणून मोटरच्या स्टँडर्डमध्ये सांगितलंय की पूर्ण टेस्ट एकदाच, परत कोणी मागितलीच तर ८० टक्क्यांवर, म्हणजे ४१५ व्होल्टच्या मोटरला १४६४.

टेस्ट करणाऱ्याची काळजी ही मालाच्या आधी येते. टेस्ट बेंच लाकडाचा किंवा रबर शीटचा, पायाखाली इन्सुलेटिंग मॅट, टेस्ट चालू असताना लाल दिवा, आणि दोन्ही हात बटणावर ठेवल्याशिवाय व्होल्टेज येणार नाही असा इंटरलॉक, म्हणजे पीसला हात लागायचा प्रश्नच नको. नवीन ट्रेनी मुलाला पहिल्याच दिवशी हायपॉटवर एकटं उभं करणारे लोक आहेत, आणि ते थांबायला हवं.

रिवाइंडिंगच्या दुकानांत हे सगळं बहुतेक ठिकाणी होतच नाही. मोटर जळली, उघडली, नवीन वाइंडिंग भरलं, वार्निश केलं, वाळवलं, चालवून बघितली, दिली शेतकऱ्याला, आणि ती जाते विहिरीवर, ओल्या जमिनीवर, अनवाणी पायांजवळ. साधा सिंगल फेज हायपॉट टेस्टर हा रिवाइंडिंग मशीनसारखाच दुकानाच्या खर्चात धरायला हवा, आणि पूर्ण नवीन वाइंडिंग भरलं असेल तर मोटर नवीनच समजून तिला पूर्ण व्होल्टेजची टेस्ट द्यायला हवी. तुमची मोटर भरून आणायची असेल तर दुकानदाराला सरळ विचारा, मेगर किती आला आणि एचव्ही किती व्होल्टला केली, आणि दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या.